मिरजोळ्यातल्या आमच्या हेपा फिल्टरचे अकरा महिने

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, औषधांच्या प्लास्टिक बाटल्यांचं. क्लीनरूम (हवेतले कण ठरावीक मर्यादेत ठेवलेली खोली) आयएसओ ८ या स्वच्छता-वर्गाची, छतात आठ टर्मिनल हेपा, म्हणजे हवा खोलीत शिरण्याआधीचे शेवटचे, अतिबारीक कण अडवणारे फिल्टर. गेल्या दिवाळीनंतर आठही बदलले. जुने जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याच्या) फ्रेमचे, आत अ‍ॅल्युमिनियमचे सेपरेटर. दोन पावसाळ्यांत फ्रेम गंजल्या, सेपरेटरवर पांढरी भुकटी धरली. हवा गाळणाराच धूळ पाडायला लागला म्हणा ना! म्हणून या वेळी अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियम फ्रेमचे, एच१४ वर्गाचे मिनिप्लीट घेतले. त्यात फिल्टरच्या कागदाच्या घड्या सुट्या ठेवायला पत्रा नाही, गोंदाच्या रेघा असतात. दीडपट महाग पडले, पण आजवर फ्रेमवर डाग नाही. क्लॅम्पचे बोल्ट तेवढे गंजले. ते स्टेनलेसचेच घ्या.

बसवल्यावर पीएओ या तेलाच्या धुराची लीक टेस्ट केली: फिल्टरच्या वर धूर सोडायचा आणि खाली त्यातला किती टक्के गळतो ते फोटोमीटरने मोजायचं. मर्यादा ०.०१ टक्का, आणि एका फिल्टरच्या कोपऱ्याजवळ फोटोमीटर ०.०३ दाखवतोय. गास्केटवर संशय घेऊन बोल्ट आवळले, फरक शून्य. शेवटी खाली उतरवून मागून टॉर्च मारला, तर घडीवर नखाएवढी चंद्रकोर. खोक्यातून काढताना आमच्याच हेल्परने फ्रेमऐवजी कागदाला हात लावला होता. काचतंतूंचा कागद म्हणजे भाजलेला पापड. पुरवठादाराने बदलून दिला नाही, आणि भांडायला आम्हाला तोंडही नव्हतं.

खरी परीक्षा जूनपासून. हेपाचे गेज (फिल्टरच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक दाखवणारे) १२-१३ मिमी पाण्यावर शांत, पण त्यांच्या आधी जाडी धूळ अडवणाऱ्या प्री-फिल्टरचा गेज सकाळी चढलेला आणि दुपारी आपोआप उतरलेला. महिनाभर गेजलाच शिव्या घातल्या. मग एकदा प्री-फिल्टर धुताना आमचे जुने फिटर मामा म्हणाले, "साहेब, बादलीतलं पाणी चाखा." जांभ्याच्या धुळीने लाल झालेलं ते पाणी चक्क खारट! वाऱ्याबरोबर आलेलं मीठ जाळीत अडकतं आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळतं. मग जाळी गच्च होते आणि खारं पाणी झिरपत पुढच्या फिल्टरकडे सरकतं. रात्री लाइट जाऊन एएचयू (हवा खेचून खोलीत सोडणारं यंत्र) बंद पडला की आणखीच. आता पावसाळ्यात दर आठवड्याला धुतो, पूर्ण वाळल्याशिवाय बसवत नाही, त्यासाठी जादा संच ठेवलाय.

एच१३ च्या वरच्या वर्गाच्या, या एच१४ ची गरज होती का? आम्हाला नव्हती. पकडायला सगळ्यात अवघड आकाराचे कण, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे, एच१३ ९९.९५ टक्के अडवतो, एच१४ ९९.९९५ टक्के. आयएसओ ८ ला घनमीटरमागे ०.५ मायक्रॉन व त्याहून मोठे ३५,२०,००० कण चालतात. इंजेक्शन भरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पुढच्या वेळी एच१३ घेऊन वाचलेले पैसे ताज्या हवेच्या तोंडाशी, पाणी न धरणाऱ्या प्री-फिल्टरवर घालणार आहे. मालकांना तसं कोटेशन दिलंय.