230 दाखवले, 36,500 नेले

डोंबिवलीतला आमचा फ्लॅट जुना. पावसाळ्यात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) सारखा पडायला लागला, म्हणून ऑनलाइन नंबर शोधून 'एक्स्पर्ट' बोलावला. त्याने सॉकेटमध्ये मल्टीमीटरची एक पिन फेजला लावली, दुसरी अर्थला. आकडा 230. "बघा काका, सगळा करंट अर्थमध्ये उतरतोय. वायरिंग गेलं तुमचं."

अहो, फेज आणि अर्थमध्ये 230च्या आसपास यायलाच हवेत! नाही आले तर काळजी करायची. पण मी जन्मभर बँकेत खातेवह्या तपासल्या, सॉकेट नाही.

20,000 यूपीआयने आगाऊ, 16,500 रोख. पक्कं बिल मागितलं तर "18 टक्के जीएसटी लागेल". किचन-बाथरूमला नवी वायर, केसिंग पट्टी. खटका पडायचा थांबला.

तो निघताना मी आरसीसीबीचं 'टी' म्हणजे टेस्टचं बटण दाबलं, एवढी अक्कल होती मला. ते दाबलं की घरातली वीज जायला हवी. खटका पडला, पंखा फिरतच राहिला. "पंखा इन्व्हर्टरवर आहे ना काका." पटलं. मग त्याच्याच चहासाठी दूध काढायला फ्रिज उघडला, तर आत दिवा लख्ख. फ्रिज आमचा इन्व्हर्टरवर कधीच नव्हता! दिवा बघितला, दूध घेतलं, दार लावलं. वर त्या चोराला आलं घालून चहा पाजला.

पुढे हिला बाथरूमच्या नळाला झिणझिण्या आल्या, तेव्हा परवानाधारक वायरमन आणला. त्याने डीबी, म्हणजे खटक्यांची पेटी उघडली. आरसीसीबीच्या आउटगोइंगला काहीच नाही, घराच्या वायरी थेट इनकमिंगला कोंबलेल्या! म्हणजे आरसीसीबीला बगल, म्हणूनच खटका पडायचा थांबला होता. मेन बंद करून, न्यूट्रल सोडवून, टीव्ही-फ्रिजचे प्लग काढून (तपासायचं यंत्र, मेगर, 500 व्होल्ट सोडतं, उपकरणं जळू शकतात) त्याने वायरींचं इन्सुलेशन तपासलं. किमान 1 मेगाओम हवा. न बदललेली बेडरूमची जुनी वायरसुद्धा ठणठणीत. गीझर शून्य, गळती तिथेच. एलिमेंट 750, त्याची मजुरी 800. मेगर न लावता 'वायरिंग गेलं' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. परवाना मागा, फोटो काढून ठेवा.

वीज कंपनीत गेलो. "मीटरच्या पुढचं आमचं नाही." पोलीस म्हणाले, पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, दिवाणी मामला आहे. जीव जाण्याची वेळ आली होती, हा दिवाणी मामला? सगळ्यात कहर विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात. परवाना क्रमांक द्या, कारवाई करतो. साहेब, परवाना नाही हीच तर तक्रार आहे! मग म्हणे, परवानाच नाही तर रद्द काय करणार? लेखी द्या, आवक-जावकला. दिलं. शिक्का मिळाला, बाकी शांतता.

ग्राहक आयोगात, सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तिथे जातोय. यूपीआयची नोंद आहे माझ्याकडे. तुम्हीही निदान तेवढी जपून ठेवा, रोख देऊ नका. त्या माणसाची जाहिरात अजून चालू आहे, नंबर तेवढा बदललाय. कल्याण-डोंबिवलीत आणखी कुणाकडे तो येऊन गेला असेल तर कळवा, अर्ज एकत्र करू. आणि आज घरातलं 'टी' बटण दाबाल तेव्हा फ्रिज उघडून बघा.