बांबूचा प्रोपेलर: १४ महिने, ६२ तास उड्डाण

माझ्या छोट्या विमानाला मी बांबूचा प्रोपेलर (पुढचा पंखा) केला. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, किती हलका झाला? झालाच नाही. काट्यावर मेपलच्या लाकडाच्या जुन्या प्रोपेलरएवढाच भरला. थर चिकटवलेल्या मोसो या चिनी जातीच्या बांबूची घनता मेपलच्याच आसपास असते, तेव्हा वजनासाठी हा खटाटोप करणार असाल तर राहू द्या.

माझं विमान एकट्यापुरतं, घरी बांधलेलं. फोक्सवॅगनचं इंजिन, प्रोपेलर थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, व्यास ५४ इंच. मिनिटाला ३२०० फेऱ्यांवर त्याचं टोक सेकंदाला २३० मीटर धावतं आणि टोकावरचा एक ग्रॅम साडेसात किलोहून जास्त ओढ लावतो. हे गणित एकदा मांडलं की वार्निशचा हातसुद्धा जपून फिरतो.

फळ्या फ्लोअरिंगच्या दुकानातून आणल्या. कॅरॅमल रंगाच्या घेऊ नका. तो रंग वाफेवर शिजवून येतो आणि त्यात बांबू कमकुवत होतो. अखंड पट्ट्यांच्याच फळ्या निवडल्या. पेरापाशी तंतू वाकडे होतात, म्हणून शेजारच्या थरांतली पेरं समोरासमोर येऊ दिली नाहीत. आणि धार! बांबूतली सिलिका रंध्याचं पातं तासाभरात बोथट करते. इथे ओहायोत गॅरेजमध्ये पातं घासत बसलो की गावचा बुरूड आठवायचा, त्याचा कोयता कायम दगडावर.

हवेत कंप कमी जाणवला. पण जुन्याचं बॅलन्सिंगच यथातथा होतं, त्यामुळे सगळं श्रेय बांबूला देववत नाही.

जानेवारीत हबचे, म्हणजे प्रोपेलरच्या मधल्या भागाचे, सहापैकी चार बोल्ट ढिले निघाले. दमट जुलैत आवळलेला हब कोरड्या थंडीत आकसला होता. लाकडाचंही असंच होतं. बांबू कमी आकसेल हा माझाच भाबडेपणा. आता दर २५ तासांनी आणि ऋतू बदलला की टॉर्क रेंच (मोजक्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) हातात घेतोच.

४१ तासांनंतर खडा लागून पुढच्या कडेला टवका उडाला आणि तिथून तंतूंच्या दिशेने केसाएवढी चीर गेली. कळक चिरताना बुरडाला हेच तर हवं असतं! डागडुजी केली नाही, तो प्रोपेलर भिंतीवर टांगला. दुसऱ्या बांबूच्या प्रोपेलरला पहिल्या दिवसापासून कडेवर काचकापड आणि एपॉक्सी हा घट्ट डिंक आहे. त्याचे २१ तास झालेत, अजून ओरखडाही नाही.

गावाभोवती घिरट्या घालायला तोच. लांब जायचं असलं की मात्र मी अजून मेपलचाच चढवतो.