मॅलरीचं 'ल मोर्त दार्थर' (पेपरबॅक, दोन खंड): अर्धं वर्ष वाचल्यावर

राजा आर्थर आणि त्याच्या सरदारांच्या या जुन्या इंग्रजी कथाग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची बांधणी ट्रिस्ट्रम या सरदाराच्या भागातच सुटली, पानं हातात आली. विक्रेत्याकडे तक्रार केली, तर परतीची मुदत संपल्याचं ठरावीक उत्तर. शेवटी कोपऱ्यावरच्या बाइंडरने शिवून दिलं, आणि आता ते नव्यापेक्षा मजबूत आहे. पदरचे पैसे गेले याचा राग आहेच. पण माझी खरी तक्रार प्रकरणांच्या शीर्षकांबद्दल आहे.

मॅलरीने कैदेत असताना हे १४६९-७०च्या सुमारास पूर्ण केलं. १४८५ साली कॅक्स्टन या इंग्रज मुद्रकाने छापताना त्याचे २१ भाग आणि पाचशेच्या वर प्रकरणं पाडली. प्रत्येक प्रकरणाचं शीर्षक पुढचं सगळं सांगून मोकळं होतं. बालिन आणि बालान, सख्खे भाऊ. बालिनला कुणीतरी स्वतःची ढाल टाकून दुसरी घ्यायला लावतं, त्यामुळे भाऊ त्याला ओळखत नाही आणि दोघं एकमेकांच्या हातून मरतात. एवढा प्रसंग शीर्षकातच उरकलेला! चिडून मी शीर्षकांवर कागदाची पट्टी ठेवून वाचायला लागले.

मत बदललं ते १९व्या भागात. सर उरीच्या सात जखमा शापामुळे भरत नाहीत. जगातल्या सर्वश्रेष्ठ सरदाराने हात लावला तरच भरतील. आर्थरपासून शंभरावर जण हात लावतात, उपयोग होत नाही. आर्थरचा सगळ्यात नावाजलेला सरदार लान्सलॉट नको नको म्हणतो. आर्थरच्या राणीबरोबरचं त्याचं चोरटं प्रेमाचं नातं आपल्याला ठाऊक असतं, त्याच्या मनातून तर ते क्षणभरही जात नसणार. राजाज्ञा म्हणून तो गुडघे टेकतो, प्रार्थना करतो, जखमांना हात लावतो, आणि त्या भरतात. दरबार देवाचे आभार मानतो. लान्सलॉट मार खाल्लेल्या पोरासारखा रडत राहतो.

पट्टी काढून शीर्षक वाचलं. जखमा बऱ्या झाल्या, देवाचे आभार मानले, सगळं आहे. रडणं नाही.

त्यानंतर पट्टी ठेवली नाही. ज्या गॅरेथला लान्सलॉटनेच सरदार केलं, तो जाळण्याची शिक्षा झालेल्या राणीला चितेवरून सोडवतानाच्या गर्दीत, निःशस्त्र, त्याच्याच हातून मरतो. आधी माहीत असूनही ते पान मला पुढे वाचवेना. राजाला दिलेला शब्द, राणीवरचं प्रेम, मित्राची माया, यातलं काहीच खोटं नाही आणि सगळं एकदम पाळता येत नाही. म्हणून हे अजून वाचलं जातं.

ट्रिस्ट्रमचा भाग फार लांबतो, तिथे धीर धरा. शीर्षकं नकोच असतील तर १९३४ साली विंचेस्टर कॉलेजात सापडलेल्या हस्तलिखितावर बेतलेली आवृत्ती बघा. हस्तलिखितात ती नाहीत, आणि कॅक्स्टनने छाटलेली आर्थरची रोमवरची मोहीमही त्यात सविस्तर आहे. कुठलीही घ्या, पण शिवलेल्या बांधणीची घ्या.