डिस्चार्जनंतर राहायचं कुठे? घर, हाफवे होम, कायम निवासी केंद्र आणि भाड्याचं सामाईक घर

मनोविकाराच्या वॉर्डातून डिस्चार्ज मिळतो तेव्हा हातात गोळ्यांची चिठ्ठी असते, पुढच्या ओपीडीची तारीख असते. ‘आता हा राहणार कुठे?’ याचं उत्तर त्या कागदावर नसतं. शुभंकरांच्या, म्हणजे आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांच्या गटात हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे बहुधा सत्तरी ओलांडलेले आईवडील असतात.

तुलनेसाठी एक नेहमीचं घर समोर ठेवूया. मुलगा पस्तिशीचा, निदान स्किझोफ्रेनिया. भास आटोक्यात आहेत, गोळ्या आठवण केली की घेतो. उठतो अकराला, आंघोळीसाठी मागे लागावं लागतं, दिवस खोलीत जातो. वडिलांची बायपास झालेली, आई थकलेली. अशा घरापुढे साधारण चार वाटा असतात.

घरी राहून डे-केअर

गावात किंवा आसपास चांगलं डे-केअर असेल तर माझं पहिलं मत यालाच. धायरीला ‘सा’चं, म्हणजे पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं केंद्र आहे, तसं. सकाळी तयार होऊन घराबाहेर पडणं, चार माणसांत बसून काम करणं, संध्याकाळी परत येणं, एवढ्यानंच पुष्कळ गोष्टी जागेवर येतात. खर्च निवासी सोयीपेक्षा कमी आणि नातं तुटत नाही. पण घरात रोज भांडणं होत असतील, हात उगारला जात असेल किंवा आईचीच तब्येत खालावली असेल, तर घरीच ठेवण्याचा हट्ट धरू नये. त्यात दोघांचंही नुकसान होतं.

हाफवे होम आणि कायम निवासी केंद्र

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण दोन्हींच्या पाटीवर बहुधा ‘पुनर्वसन केंद्र’ असंच लिहिलेलं असतं.

हाफवे होम हा दवाखाना आणि घर यांच्यामधला मुक्काम. तिथे मुदत हवी, बहुतेकदा काही महिने ते वर्षभर. आल्यावर माणूस काय करू शकतो हे पाहून उद्दिष्टं ठरायला हवीत: गोळ्यांचा डबा स्वतः भरणं, बसने एकट्याने जाऊन येणं, बँकेत पैसे काढणं, दोन माणसांचा स्वयंपाक करणं. कायम निवासी केंद्रात मुदत नसते. जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर, फाटक बंद. घरच्यांना हायसं वाटतं, आणि ते मी समजू शकते. वारंवार गंभीर झटके येणाऱ्या, वय झालेल्या, मागे कुणीच नसलेल्या माणसासाठी असं केंद्र खरोखर आधार असतं. पण आपल्या पस्तिशीच्या मुलासाठी त्याची किंमत मोठी आहे. भाजी कुणीतरी आणतं, कपडे कुणीतरी धुतं, पैसे हातात येत नाहीत. दोन-तीन वर्षांत जे येत होतं तेही सुटतं, आणि मग ‘हा बाहेर राहूच शकत नाही’ हे खरं होऊन बसतं.

फरक ओळखायला मी एकच प्रश्न आधी विचारायला सांगते: गेल्या वर्षी तुमच्याकडून किती जण बाहेर पडले आणि आज ते कुठे राहतात? हाफवे होम चालवणारी माणसं यावर उत्साहाने बोलतात. उत्तर टाळलं गेलं तर ते कायम निवासी केंद्र आहे असं धरा, माहितीपत्रकात काहीही छापलेलं असो.

दुसरं, सहीच्या आधी नोंदणी बघा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 प्रमाणे मनोविकार असलेल्या माणसाला दाखल करून ठेवणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते. ही औपचारिकता नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीला अशाच एका आश्रयस्थानात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली 28 माणसं जळून गेली. आज कायद्याने साखळीने बांधणं बंद आहे, सक्तीने डोकं भादरणं बंद आहे. स्वतःचे कपडे घालण्याचा, भेटायला येणाऱ्यांना भेटण्याचा, फोनवर बोलण्याचा हक्क आहे. काम जबरदस्तीने करून घेता येत नाही आणि केलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो. ‘थेरपी’ म्हणून रोज पन्नास जणांच्या पोळ्या लाटून घेत असतील, तर पैशांचं विचाराच.

दाखल कसं करणार, हेही स्पष्ट करून घ्या. मुलगा स्वतःच्या संमतीने जात असेल तर बाहेर पडण्याचा निर्णयही मुळात त्याचाच. संमतीशिवाय ठेवायचं तर कायद्याच्या अटी कडक आहेत: दोन तपासण्या, त्यातली एक मनोविकारतज्ज्ञाची, आणि मुदत 30 दिवसांची. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे दाखल माणसाच्या हक्कांवर लक्ष ठेवायला याच कायद्याने नेमलेल्या मंडळाला, पुरुषाच्या बाबतीत 7 दिवसांत, स्त्रीच्या बाबतीत 3 दिवसांत कळवावं लागतं. त्यापुढे ठेवायचं तर मंडळाची परवानगी लागते. ‘तुम्ही सही करा, बाकी आमच्यावर सोडा’ असं कुणी म्हणालं, तर तिथून निघा.

भेटायला जाल तेव्हा ऑफिसात बसून परत येऊ नका. दुपारी तीनच्या सुमारास जा. तेव्हा माणसं काय करतायत ते बघा. सगळे पलंगावर असतील, तर वेळापत्रकाचा फळा कितीही रंगीत असला तरी उपयोग नाही. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध सुरू असेल तर सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. ते कोण करतं आणि रिपोर्ट कोण बघतं, हे नक्की विचारा.

भाड्याचं सामाईक घर

चौथी वाट आपल्याकडे अजून फारशी माहीत नाही, आणि माझा जीव मात्र हिच्यातच आहे. चेन्नईच्या द बनियन संस्थेने 2015 मध्ये ‘होम अगेन’ सुरू केलं. वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात अडकलेल्या चार-पाच जणांनी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहायचं. सोबत एक मदतनीस, बहुधा त्याच भागातली बाई. बाजारहाट, सण, शेजारपाजार, सगळं इतर घरांसारखं. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधारित सेवांच्या मार्गदर्शिकेत या कामाचा दाखला दिला. महाराष्ट्रात रत्नागिरीतही हे काम पोचलं आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘तराशा’ प्रकल्प मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना नोकरदार महिलांच्या वसतिगृहात राहून कामाला लागायला मदत करतो.

अडचण अशी की या जागा प्रामुख्याने रुग्णालयात अडकून पडलेल्यांसाठी आहेत. आईवडील हयात असलेल्या आपल्या मुलाला तिथे सहज प्रवेश मिळेल असं धरून चालू नका. पण रचना उचलता येते. तीन-चार कुटुंबांनी मिळून ओळखीच्या वस्तीत फ्लॅट घ्यायचा, एक प्रशिक्षित मदतनीस ठेवायचा, आठवड्याला सोशल वर्करची फेरी ठरवायची. सोसायटीची कटकट होते, सुरुवातीला फार होते. हाफवे होममध्ये सहा-आठ महिने काढलेल्या मुलाला हे जमण्याची शक्यता बरीच वाढते, म्हणून या दोन वाटा मी एकामागून एक अशा धरते.

‘आमच्या माघारी काय?’

कायम निवासी केंद्राकडे पालक वळतात ते याच भीतीने. त्यामुळे पैशांची आणि कागदांची सोय आधी लावा, म्हणजे निवड भीतीतून होणार नाही. नॅशनल ट्रस्ट कायद्यातलं पालकत्व, म्हणजे सज्ञान अपत्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय, मनोविकाराला लागू नाही. ते ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. त्यामुळे इच्छापत्र किंवा खासगी ट्रस्ट वकिलाकडून करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मनोविकाराचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढा. पालक सरकारी नोकरीत असतील, तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. नोंद हयातीतच करून ठेवावी. संजय गांधी निराधार योजनेची पात्रताही तपासा.

आणि या सगळ्यात मुलगा कुठे आहे? मानसिक आरोग्यसेवा कायदा त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस, निवडण्याचा आणि आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क देतो. प्रकृती स्थिर असताना त्याच्यासोबत बसून हे कागद करा. जागा बघायला त्याला घेऊन जा, एक दिवस तिथे काढू द्या, जेवू द्या. तो ‘नाही’ म्हणाला तर कारण विचारा. बऱ्याचदा ते ठोस असतं: फोन काढून घेतील, संडासाला कडी नाही, खोलीतला माणूस रात्रभर ओरडतो, मला गिटार नेऊ देणार नाहीत. अशी एकेक गोष्ट केंद्राशी बोलून लेखी घ्या, आणि पहिल्या महिन्यात दर आठवड्याला भेटायला जाऊन ती पाळली जाते का ते त्याच्याकडूनच ऐका.