उचाअझच्या धक्क्यावर मासा निवडण्याआधी

फसवणूक होते ती मासा ताटात येण्याच्या बरीच आधी, बर्फावर मांडलेल्या माशांपुढे उभं असताना. बिल हातात पडल्यावर ती फक्त कळते. तुर्कीच्या दक्षिण किनाऱ्यावर, अंताल्या प्रांतात, काश आणि देम्रे यांच्या मध्ये केकोवा बेट आहे. त्याच्या समोरच्या किनाऱ्यावर उचाअझ हे मच्छीमारांचं छोटं गाव आणि त्याच्या शेजारी, किल्ल्याच्या पायथ्याशी, कालेकोय म्हणजे प्राचीन सिमेना. कालेकोयला मोटारीचा रस्ता नाही. पाण्यात अर्धं बुडालेलं लिशियन (लिशिया हा इथला प्राचीन प्रदेश) काळातलं दगडी शवपात्र, भूकंपांनी खचून समुद्रात गेलेल्या वस्तीच्या भिंती आणि पायऱ्या, संध्याकाळी परतणाऱ्या होड्या हे सगळं खरोखर तितकंच सुंदर आहे. गावातली बहुतेक माणसं सरळ आहेत. पण ही गावं शिडाच्या बोटींनी फिरणाऱ्या श्रीमंत प्रवाशांच्या वाटेवर आहेत आणि तिथला भाव त्या गिऱ्हाइकाकडे बघून ठरतो. त्यातच दोन-चार हॉटेलवाले न बोललेल्या आकड्याचा फायदा घेतात.

मराठी माणूस यात सापडण्याचं एक कारण आहे. मालवणात किंवा अलिबागला सुरमई थाळी, पापलेट थाळी असा भाव लिहिलेला असतो आणि भात, सोलकढी, तिसऱ्यांची वाटी त्यातच येते. इथे अख्खा मासा वजनावर विकला जातो आणि बाकी प्रत्येक बशीचे पैसे वेगळे. मेन्यूकार्डावर माशांच्या नावापुढे बऱ्याचदा आकडाच नसतो. रोजचा बाजारभाव, एवढंच लिहिलेलं असतं. जिथे आकडा असतो तिथे तो किलोचा आहे की शंभर ग्रॅमचा, हे बारीक अक्षरात असतं. समजा पाटीवर ३०० लिरा दिसले आणि तो एका माशाचा भाव वाटला. मासा १ किलो ४०० ग्रॅमचा निघाला आणि भाव शंभर ग्रॅमचा असला, तर एका माशाचे ४,२०० लिरा झाले. यात खोटं कोणीच बोललं नाही, म्हणून नंतर भांडायलाही जागा राहत नाही.

तेव्हा मासा बोटाने दाखवण्याआधी विचारायचं: ‘किलोसू ने कादार?’ म्हणजे किलोचा भाव काय. उत्तर आलं की वजन करायला सांगायचं, काट्यासमोर स्वतः उभं राहायचं आणि एकूण रक्कम लिरामध्ये कागदावर लिहून घ्यायची. तोंडी आकडा चालत नाही, कारण तो नंतर युरोचा होता असं सांगितलं जातं. मासा ज्या ट्रेमध्ये ठेवून मोजतात त्याचं वजन आधी शून्य केलंय का, ते बघा. खाली बर्फ असेल तर तो काढायला सांगा. काट्यावरच्या आकड्यासह माशाचा फोटो काढा. प्रामाणिक मालकाला याचा राग येत नाही; तो उलट मासा उचलून कल्ले उघडून दाखवतो.

वजन न साफ केलेल्या माशाचं धरतात, ही तिथली रीत आहे, फसवणूक नाही. आतडी आणि खवले गेले की साधारण दहा ते पंधरा टक्के वजन कमी होतं, आणि डोकं-काटा वगळला तर खाण्याजोगं मांस निम्म्याच्या आसपास उरतं. दोघांना सहाशे-सातशे ग्रॅमचा मासा पुरतो. वेटर मुद्दाम दीड-दोन किलोचा पुढे करतो आणि ‘तुमच्यासाठी एवढाच बरोबर’ म्हणतो. तिथे नाही म्हणायला संकोच करू नका.

आता खरा मुद्दा: समुद्रातला की पिंजऱ्यातला. लेव्हरेक (सी बास) आणि चिपुरा (सी ब्रीम) हे दोन मासे तुर्कीत सगळीकडे मिळतात. ते बहुतांशी मूला आणि इझमिर प्रांतांच्या किनाऱ्यावरच्या पिंजऱ्यांत वाढवलेले असतात, आणि या माशांच्या मोठ्या उत्पादक देशांत तुर्कीची गणना होते. पिंजऱ्यातला मासा वाईट नसतो. तो ताजा आणि स्वस्त असतो. पण समुद्रात पकडलेल्या त्याच माशाचा भाव कित्येक पट असू शकतो, आणि लबाडी तिथे चालते. विचारायचा प्रश्न: ‘चिफ्तलिक मी, देनिझ मी?’ म्हणजे मत्स्यशेतीतला, पिंजऱ्यातला, की समुद्रातला. उत्तर काहीही आलं तरी डोळ्यांनी तपासा. बर्फावर सात-आठ मासे एकाच साच्यातून काढल्यासारखे, तीनशे ते पाचशे ग्रॅमच्या आसपास असतील तर ते पिंजऱ्यातले. जाळ्यात किंवा गळाला लागलेले मासे एकमेकांसारखे नसतात. पिंजऱ्यातल्या माशाचे पर आणि शेपटी घासून बोथट झालेली असते, अंग गडद, पोट फुगीर आणि चिरल्यावर आत पांढऱ्या चरबीचा थर. समुद्रातल्या चिपुराच्या दोन डोळ्यांमधला सोनेरी पट्टा ठळक असतो, पर टोकदार आणि अखंड असतात.

मोजताना समुद्रातला आणि ताटात पिंजऱ्यातला, अशी अदलाबदल करायची सोय कुठे असते? जिथे मासा ओळखू येत नाही तिथे. काटे काढून तुकडे केलेला मासा, मिठाच्या कवचात भाजलेला मासा, टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेला मासा. मिठाच्या कवचातला मासा टेबलापाशी आग लावून फोडतात, बघायला छान वाटतं, पण कवच फुटेपर्यंत आत काय आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि फुटल्यावर वेटर लगेच मांस वेगळं करून डोकं घेऊन जातो. म्हणून महागाचा मासा घेतलाच तर तो अख्खा, डोक्यासकट, साध्या कोळशावर भाजून मागवा आणि फोटोशी ताडून बघा. एका परावरची खूण, एखादा ओरखडा लक्षात ठेवला तरी पुरतं.

हंगामही माहीत असायला हवा. १५ एप्रिलपासून निदान ऑगस्टअखेरपर्यंत ट्रॉलर आणि पर्ससीनच्या मोठ्या नौकांवर मासेमारीची बंदी असते. लहान होड्या लांब दोरीचे गळ आणि जाळी टाकत राहतात. पर्यटकांची सर्वाधिक गर्दी नेमकी याच महिन्यांत. गिऱ्हाईक भरपूर आणि समुद्रातला मासा मोजका, अशा वेळी प्रत्येक हॉटेलच्या बर्फावर ‘आज सकाळचा’ मासा असणं शक्यच नाही. आपल्याकडे ज्याला हेकरू किंवा गोब्रा म्हणतात त्या कुळातला ओर्फोझ कोणी देऊ केला, तर नको म्हणा. तो धोक्यात आलेला मासा आहे आणि २०१६ पासून तुर्कीत त्याच्या मासेमारीवर बंदी आहे. तेव्हा तो एकतर चोरून पकडलेला, नाहीतर ओर्फोझच नव्हे. लाल समुद्रातून सुएझ कालव्यावाटे आलेला सिंहमासा मेन्यूत असेल तर मात्र जरूर घ्या. त्याचे काटे विषारी असतात, मांस नाही, आणि तो कमी झाला तर तिथल्या समुद्राचं भलंच होतं. माकूळ आणि ऑक्टोपस बऱ्याचदा गोठवलेले असतात, ही तक्रार करू नका. ऑक्टोपस गोठवल्याने मऊच होतो. तक्रार करायची ती गोठवलेल्या मालाला ताज्याचा भाव लावला तर. शेवंड मागवायची इच्छा असेल तर तिचा भाव दोनदा विचारा, कारण बिल सर्वांत जास्त तीच फुगवते.

माशाची वाट बघताना मोठ्या ताटात पंधरा-वीस छोट्या बशा येतात. त्यांना मेझे म्हणतात. त्यातल्या ज्या उचलाल त्यांचेच पैसे. पण कधीकधी न मागता दोन-तीन बशा, ब्रेड, लोणी, पाण्याची मोठी काचेची बाटली टेबलावर ठेवून वेटर निघून जातो. ‘इक्राम म?’ असं विचारा, म्हणजे हे घरचं म्हणून आहे का. हो म्हटलं तर बिनधास्त खा. शेवटचा चहा आणि फळं बहुतेक ठिकाणी खरोखरच मोफत असतात. नाही म्हटलं तर बशीला हात लावायच्या आधी परत करा. राकी, म्हणजे तिथली बडीशेपेच्या स्वादाची दारू, घेणाऱ्यांनी बाटलीचं माप बोलूनच सांगावं: ३५ सेंटिलिटर मागितलं आणि ७० ची उघडली, तर उघडलेली परत होत नाही. बाटली सीलबंद आणि तुमच्यासमोरच उघडलेली असावी. यात पैशाहून मोठा धोका आहे: बनावट दारूतल्या मिथेनॉलने तुर्कीत बरीच माणसं दगावली आहेत, २०२५ च्या सुरुवातीलाही इस्तंबूल आणि अंकारात.

१ जानेवारी २०२४ पासून तिथल्या उपाहारगृहांना दरपत्रक प्रवेशद्वारापाशी आणि टेबलावर ठेवणं बंधनकारक आहे. बसण्याआधी दारावरचं दरपत्रक वाचा, त्याचा फोटो घ्या. दरपत्रकच नसेल तर आत जाऊ नका, कितीही गोड आमंत्रण असो. बिलात ‘कुव्हेर’, म्हणजे टेबल मांडल्याचे पैसे, किंवा सेवाशुल्क दिसलं तर ते काढायला सांगा; २०२६ पासून तिथे असे वेगळे पैसे लावायला मनाई आहे. लिहिलेल्या किमतीत कर धरलेला असतो. तो खाली वेगळा जोडला असेल तर काढायला लावा. हाताने लिहिलेली चिठ्ठी ही पावती नव्हे. पैसे दिल्यावर गल्ल्याच्या यंत्रातून छापून आलेली पावती मागा, कारण पुढच्या प्रत्येक तक्रारीला तीच लागते.

कार्ड फिरवताना यंत्रावर विचारलं जातं की रक्कम लिरात घ्यायची की रुपयांत किंवा युरोत. नेहमी लिरा. दुसरा पर्याय निवडला की यंत्रवाल्याचा विनिमयदर लागतो आणि तो बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. कधीकधी वेटर स्वतःच बटण दाबून मोकळा होतो, म्हणून यंत्र स्वतःच्या हातात घ्या, चुकीचं दाबलं गेलं तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. भारतीय कार्डांवर परकीय चलनाचं शुल्क बहुधा दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी असतो, तो वेगळाच. रोख पैसे काशमधून किंवा देम्रेतूनच सोबत घेऊन निघा.

बोटींचं गणित सोपं आहे, फसण्याची जागाही तीच. ‘पन्नास’ हा आकडा ऐकला की लगेच चार गोष्टी विचारा: लिरा की युरो, माणशी की अख्ख्या बोटीचे, किती तास, आणि कुठे कुठे थांबणार. तुमच्यापुरती बोट ठरवून आयत्या वेळी आणखी सहा जण चढवले जातात, तेव्हा तुमच्याशिवाय कोणी नाही हेही ठरवून घ्या. जेवण धरलेलं असतं, पेयं नसतात, आणि ती उतरताना एकदम मोजली जातात. बुडालेल्या वस्तीवर पोहायला नेतो असं कोणी सांगितलं तर समजून जा. १९९० पासून केकोवाचा परिसर विशेष संरक्षित आहे आणि त्या अवशेषांवर पोहण्यास, बुड्या मारण्यास मनाई आहे. पोहण्यासाठी इतर खाड्या आहेत. दुपारनंतर वारा चढतो, आणि वाऱ्याचं कारण सांगून फेरी अर्ध्यावर आटपली जाते. म्हणून सकाळी निघा आणि अर्धे पैसे परतल्यावर द्या. जितके जण तितकी जीवरक्षक जाकिटं दिसली नाहीत तर चढू नका.

कालेकोयला ‘बोटीशिवाय जाताच येत नाही’ हेही ऐकायला मिळेल. उचाअझहून ‘लिशियन वे’ नावाच्या लांब पदभ्रमण मार्गाच्या पायवाटेने पाऊण-एक तासात चालत जाता येतं. बोटीनेच जायचं तर जाण्या-येण्याचे पैसे एकत्र ठरवा. जाताना स्वस्त आणि अंधार पडल्यावर परतीला तिप्पट, हा प्रकार एकेरी भाडं ठरवलं की होतो. एखाद्या हॉटेलची बोट फुकट घेऊन जाते ती तिथे जेवावं म्हणून. त्यात गैर काही नाही, पण दरपत्रक धक्क्यावरच बघून घ्या, कारण तिकडे पोहोचल्यावर उठून जायची सोय राहत नाही. चालत गेलात तर वर किल्ल्याच्या वाटेवर मिळणारं घरगुती आइस्क्रीम आवर्जून खा.

सर्वांत मोठी रक्कम बुडते ती घर सोडण्याआधीच, राहण्याच्या आगाऊ पैशांत. काश-कालकान भागातल्या व्हिलांचे फोटो उचलून खोटी संकेतस्थळं बनवतात, भाडं बाजारापेक्षा बरंच कमी सांगतात आणि एका व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात पैसे मागतात. खातं कंपनीच्या नावावर नसेल तर तिथेच थांबा. १ जानेवारी २०२४ पासून अल्प मुदतीने घर भाड्याने देण्यासाठी पर्यटन परवाना लागतो आणि त्याची पाटी दारावर लावावी लागते. परवान्याचा क्रमांक मागा. सहल कंपनीने आपला तुर्साब (तुर्कीतल्या सहल कंपन्यांची संघटना) क्रमांक द्यायला हवा, तो तुर्साबच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. बुकिंग डॉट कॉमवरून तुर्कीत असताना तुर्कीतली खोली घेण्याला २०१७ मध्ये न्यायालयाने अटकाव केला, तेव्हा तिथे पोहोचून बघू असं म्हणू नका. नाहीतर रात्री समाजमाध्यमावरच्या अनोळखी जाहिरातीला पैसे पाठवायची वेळ येते. ई-व्हिसासाठीही सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी पानं आहेत, जी जास्त पैसे घेतात. सरकारी पत्ता ‘इव्हिसा डॉट जीओव्ही डॉट टीआर’ असा संपतो, मधे दुसरा शब्द नसतो.

बिल चुकीचं आलंच तर आवाज चढवू नका. फोटो, कागदावरचा आकडा आणि दरपत्रक समोर ठेवा आणि फक्त ठरलेली रक्कम देतो म्हणा. बऱ्याचदा तेवढ्यावर मिटतं. नाही मिटलं तर ग्राहक मदतीसाठी १७५, नगरपालिकेच्या निरीक्षकांसाठी १५३. धमकी किंवा अडवणूक झाली तर ११२. गावात पोलिसांऐवजी जेंडार्मा, म्हणजे ग्रामीण भागातलं निमलष्करी दल, येतं. भांडण न वाढवता निघायचं असेल तर कार्डाने, लिरात पैसे द्या आणि छापील पावती घ्या. परतल्यावर बँकेकडे वाद दाखल करता येतो. पण बँक ठरल्यापेक्षा जास्त कापलेली किंवा दोनदा कापलेली रक्कम बघते; मासा महाग होता ही तक्रार ती ऐकत नाही. न केलेला व्यवहार दिसला तर तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.