नऊ पंक्चर, एक ‘नवा’ टायर आणि माझे १४,९०० रुपये

हायवेवरच्या पंक्चरवाल्यांच्या करामती तुम्ही ऐकल्या असतील. मीही ऐकल्या होत्या. चार लोकांना सांगितल्याही होत्या. एकोणीस वर्षं गाडी चालवतोय, आणि तरीही भर दुपारी डोळ्यांदेखत मला १०,००० रुपयांना गंडवलं, पुढे त्या पायी आणखी ४,९०० गेले. लिहायची लाज वाटते. घरातल्या दोघांनी तर ‘कशाला चारचौघांत सांगतोस’ म्हणून अडवलंही. पण ते दुकान आजही चालू असणार, म्हणून लिहितोय.

मे महिन्यातला रविवार. आईला घेऊन पुण्याहून कोल्हापूरला मावशीकडे निघालो होतो. आई एकोणऐंशीची, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेले. साडेसहाला निघायचं ठरलं होतं. किल्ली फिरवली तर नुसतं टकटक, बॅटरी बसलेली. शेजाऱ्यांना झोपेतून उठवलं, त्यांच्या गाडीला वायर लावून सुरू केली, त्यात पाऊण तास गेला. या गडबडीत फोनची चार्जिंगची वायर घरी राहिली. टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जाईना, खात्यात पैसे कमी. मागून हॉर्न सुरू, मी घाईघाईत रोख देऊन मोकळा झालो. म्हणजे दुप्पट टोल. (यूपीआयने दिला असता तर आता सव्वापटच घेतात, हे नंतर कळलं. फास्टॅगमधली शिल्लक आदल्या रात्री बघून ठेवा.) हे सगळं सांगतोय कारण साडेदहाच्या सुमारास मी कुठल्या मनःस्थितीत होतो ते कळावं. उशीर झालेला, डोकं तापलेलं, फोनमध्ये १४ टक्के चार्जिंग.

चहाला थांबलो. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. गाडी मागच्या बाजूला झाडाखाली लावली होती, बसल्या जागेवरून दिसत नव्हती. तिथून निघून सात-आठ किलोमीटर गेलो असेन, तर मोटरसायकलवरची दोन पोरं बरोबरीला आली आणि मागच्या चाकाकडे हात करून ओरडायला लागली. ‘काका, मागचं चाक बसलंय! पुढं डाव्या हाताला दुकान हाय, तिथवर हळू न्या.’ उतरून बघितलं, खरंच हवा कमी होती. पूर्ण बसलेलं नव्हतं, पण कमी होती.

आणि व्हॉल्व्हचं टोपण नव्हतं.

हे मी पाहिलं. नजरेला पडलं, मनात आलंही की शनिवारीच हवा मारली तेव्हा चारही टोपणं होती. पण ‘पंपावरच्या पोराने लावलं नसेल’ असं म्हणून मी गाडीत बसलो. आज मला खात्री आहे की चहा पीत होतो तेव्हाच कोणीतरी ते टोपण काढून हवा सोडली. सिद्ध करता येणार नाही. पण पंक्चर कधी व्हॉल्व्हचं टोपण काढून नेत नाही.

स्टेपनी का नाही लावली, असं तुम्ही विचारणार. काढली होती ना! तिच्यातही हवा नव्हती. मार्चच्या सर्व्हिसिंगच्या कागदावर स्टेपनीपुढे ‘तपासली’ अशी खूण आहे, तो कागद माझ्याकडे आहे. कशावरही विश्वास ठेवू नका, महिन्यातून एकदा स्टेपनी स्वतः बघा. आणि दुसरं, जे लिहिताना हात जड होतोय: डिकीत बॅगांच्या खाली बारा व्होल्टचा हवेचा पंप होता. बहिणीने दिलेला, खोक्यातून न काढलेला. आई म्हणाली, ‘अरे, आधी हवा भरून बघ ना, किती वेळ टिकते ते.’ मी तिच्यावर खेकसलो. ‘आई, तुला यातलं कळत नाही, जरा गप्प बस.’ या शब्दांत.

दुकान म्हणजे निळ्या ताडपत्रीचं छप्पर, एक कॉम्प्रेसर, बाहेर पांढरे रंगवलेले टायर. नावाचा बोर्ड नाही. माणूस चाळिशीचा, अतिशय अदबशीर. आधी आईला खुर्ची दिली, सावलीत. पोराला पाण्याची बाटली आणायला पिटाळलं. ‘मावशी, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय का? बसा निवांत, पाच मिनिटांचं काम.’ माझा अर्धा संशय तिथेच गेला. उन्हात आई उभी राहिली असती तर मी दुकान सोडून पुढे गेलो असतो. ती सावलीत बसली म्हणून मी थांबलो. ते त्यांना बरोबर ठाऊक असतं.

पंक्चरचे किती, विचारलं. ‘दीडशे.’ ठीक.

जॅक लावला, चाक काढलं, आणि साबणाच्या पाण्याचा मग घेऊन बसला. डाव्या हाताने चाक फिरवायचा, उजव्या हातात फडकं. पाणी ओतायचा, फडक्याने पुसायचा, मग बोट दाखवायचा: ‘हे बघा साहेब, एक.’ बुडबुडे. पुन्हा फिरव, पुन्हा पाणी, पुन्हा फडकं. ‘दोन.’ बुडबुडे. मी अगदी वाकून, दोन फुटांवरून बघत होतो. बुडबुडे खरे होते. पण एकदाही फडकं फिरायच्या आधी बुडबुडा आला नाही. प्रत्येक वेळी आधी फडकं, मग बुडबुडा! फडक्यात टोच्या होता. सुईपेक्षा जाड, पेन्सिलीपेक्षा बारीक, तळहातात मूठ लपते तेवढा. तो माझ्या समोर माझ्या चांगल्या टायरला भोकं पाडत होता आणि मी मोजत होतो. पाच, सहा, सात.

आठवून अंगाची आग होते. आठ भोकं, आणि एकातही खिळा नाही, टाचणी नाही, काच नाही. आठही साधारण एका रेषेत. आणि आठ भोकं असलेला टायर घाट चढून इथवर आला कसा, हा प्रश्न शाळेतल्या पोराला पडेल. मला पडला नाही. मी विचारलं काय, तर ‘एवढी कशी झाली हो?’ त्याचं उत्तर तयार. ‘रस्त्याचं काम चालू हाय साहेब, लोखंडाचा बुरा पडतो.’ काम खरंच चालू होतं, त्यामुळे पटलं.

मग भाव बदलला. ‘साध्या पट्टीने टिकणार नाय, मशरूम मारायला लागल. एकाचे साडेचारशे.’ म्हणजे आठाचे ३,६००. आता नीट वाचा: मशरूम पॅच म्हणजे छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ, ते आतून बसवतात. त्यासाठी टायर रिमवरून उतरवावाच लागतो. त्याने टायर उतरवलाच नव्हता. बाहेरून साधी काळी पट्टी सुईने ढकलली आणि टोक कापलं. तुमच्यासमोर टायर रिमवरून निघाला नसेल तर मशरूमचा एक रुपयाही देऊ नका. हे मला तिथे माहीत नव्हतं. सगळ्यांना सगळं माहीत असतं असं नाही.

आठ झाल्यावर त्याने मान हलवली. नववं साइडवॉलला, म्हणजे टायरच्या कडेच्या भिंतीला. ‘हे दुरुस्त होत नाय साहेब. मावशींना घेऊन हायवेला जायचं, ऐंशीच्या स्पीडला फुटला तर?’ साइडवॉलचं पंक्चर दुरुस्त करू नये, हे खरं आहे. खोट्याच्या मधोमध एक खरं वाक्य ठेवलं की माणूस सगळंच गिळतो. ‘नवा’ टायर ६,२००. बसवायचे आणि बॅलन्सिंगचे (चाक फिरताना थरथरू नये म्हणून त्याचं वजन सारखं करण्याचे) ३००, तिथे बॅलन्सिंगचं मशीन नसताना. एकूण १०,१००, शंभर सोडून १०,०००. टायरच बदलायचा तर पट्ट्यांचे ३,६०० कसले, असं विचारलं तेव्हा अदब संपली. ‘काम झालंय साहेब, मटेरियल गेलंय.’ तोवर आणखी दोघं येऊन उभे राहिले होते. माझं एक चाक जमिनीवर, गाडी जॅकवर, आई खुर्चीत. तुम्ही काय केलं असतं?

७,००० यूपीआयने दिले, ३,००० रोख. स्कॅन केल्यावर नाव बाईचं आलं. ‘बायकोचं खातं हाय.’ पावती मागितली तर पुस्तक संपलंय म्हणे. जुना टायर त्याने ठेवून घेतला आणि मी ठेवू दिला. ही सगळ्यात मोठी चूक. तो टायरच माझा पुरावा होता. जुना भाग कधीही सोडू नका, डिकी घाण झाली तरी चालेल.

पुढे साठच्या वर गेलं की मागून थरथर. पुढच्या शहरात टायरच्या मोठ्या दुकानात शिरलो. तिथल्या माणसाने चाकाकडे एकदा बघितलं आणि माझ्या तोंडाकडे. टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. माझ्या ‘नव्या’ टायरवर होतं २२१६. २०१६ सालचा बाविसावा आठवडा! वरच्या खोबण्या झिजून गेलेल्या, त्या गरम पात्याने पुन्हा कोरून काळं पॉलिश फासलेलं. नखाने खरवडल्यावर बोट काळं झालं. ‘हा ऐंशीवर फुटला असता,’ तो म्हणाला. म्हणजे ज्या भीतीवर मला टायर विकला, तीच भीती चाकाला लावून दिली होती. खरा नवा टायर बॅलन्सिंगसह ४,९००. एकूण १४,९००. तो कोरलेला टायर मात्र मी डिकीत टाकून आणला.

आता पोलीस. जवळची चौकी गाठली. तिथल्या हवालदारांचा पहिला प्रश्न, ‘बळजबरी केली का? मारहाण? मग तुम्ही स्वतःहून दिले ना पैसे?’ फसवणुकीत पैसे स्वतःहूनच देतात हो, मारहाण करून हिसकावले तर त्याला जबरी चोरी म्हणतात! मग हद्दीचा प्रश्न. दुकान पलीकडच्या ठाण्याच्या हद्दीत. आईला घेऊन उलटा अठरा किलोमीटर गेलो. तिथे सांगितलं, साहेब बंदोबस्ताला गेलेत, आणि ‘ते दुकान आमच्यात येत नाही, पुलाच्या पलीकडचं त्यांच्याकडे.’ एका दुकानाला दोन ठाणी नको म्हणत होती. आई दोन तास लाकडी बाकावर बसून होती, पाय खाली सोडून, घोटे सुजलेले. शेवटी साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला. पोहोच मागितली तर ‘शिक्का साहेबांच्या कपाटात.’

मला तेव्हा कायदा माहीत नव्हता, आता सांगतो. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. पूर्वीचं ४२० म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पोटकलम ४. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा (म्हणजे ज्याचा तपास पोलिसांना स्वतःहून करता येतो असा, आणि ही फसवणूक त्यातच येते) कोणत्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते. नोंदवली नाही तर तोच मजकूर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. हद्द हद्द करणाऱ्याला कलम १७३ तोंडावर सांगा. आवाज न चढवता, पण सांगा.

बँकेत गेलो. व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलाय, विषय संपला. ज्या खात्यात ७,००० गेले त्या बाईचं नाव-गाव बँकेला माहीत आहे, पोलिसांना एका पत्रावर मिळेल, मला मिळणार नाही. टोलनाक्याच्या ऑफिसात म्हणाले, दुकान आमचं नाही. रस्ता तुमचा, दुप्पट टोल तुमचा, आणि रस्त्याच्या कडेला राजरोस लुटणारा कोणाचाच नाही? ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, चांगली गोष्ट आहे. पण नोटीस कोणाच्या नावाने काढू, निळ्या ताडपत्रीच्या? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकून ठेवली आहे.

राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडली तर १०३३ लावा, चोवीस तास चालू असतो. आपल्या विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय आहे का ते आत्ताच बघा, नंबर कागदावर लिहून काचेला चिकटवा, फोनच्या भरवशावर राहू नका. माझ्या पॉलिसीत ती सोय होती. घरी आल्यावर वाचली. कोणी चालत्या गाडीजवळ येऊन चाक दाखवलं तर त्याने सांगितलेल्या दुकानात जाऊ नका. हवा भरा आणि पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जा. चाकाला हात लावायच्या आधी त्याच्या हातातलं फडकं बाजूला ठेवायला सांगा.

अधीक्षकांना स्पीड पोस्टाने अर्ज पाठवला, सोबत टायरचे फोटो, २२१६ आकडा स्पष्ट दिसेल असे. मंगळवारी पोहोचल्याचं दिसतंय. अजून फोन नाही. टायर गॅलरीत ठेवलाय, कोणी तपासाला मागितला तर द्यायला.

कोल्हापूरला रात्री साडेनऊला पोहोचलो. मावशीने उशीर का झाला विचारलं. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, ‘चाक पंक्चर झालं होतं गं,’ आणि चपला काढायला भिंतीला धरून वाकली.