'नवीन' म्हणून बसवलेले रंगवलेले स्लॅक: ब्रेकच्या कामात आमची झालेली फसवणूक

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर या बाजूला ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत आणि ज्यांची गाडी भरून तवंदी, आंबोली नाहीतर अनमोडचा घाट उतरते, त्यांनी हे सवड काढून वाचावं. बेळगावजवळच्या एका गॅरेजनं आमच्या दहाचाकी गाडीला चार ऑटो स्लॅक, म्हणजे हवेच्या ब्रेकची झीज आपोआप भरून काढणारे लोखंडी हात, 'नवीन' म्हणून बसवले आणि पैसेही नवीनचेच घेतले. माल जुना होता, धुऊन वर काळा रंग मारलेला. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीचं काम चालू आहे. पद्धत मात्र सगळी लिहितो, कारण ती एकाच ठिकाणी चालत असेल यावर माझा विश्वास नाही.

गाडी आमचे मामा चालवतात. बेळगावच्या उद्यमबागेतून कास्टिंग (ओतीव माल) भरायचं, कोल्हापूर नाहीतर पुण्याला खाली करायचं, येताना मिळेल ते भाडं धरायचं. मामांची एक सवय आहे. लांबच्या भाड्याआधी ते खडू आणि पट्टी घेऊन गाडीखाली जातात. हवेच्या जोरावर ब्रेक लावणारा चाकाजवळचा डबा म्हणजे बूस्टर, त्यातून जो दांडा बाहेर येतो, ज्याला पुशरॉड म्हणतात, त्यावर बूस्टरच्या तोंडाशी खडूची रेघ मारतात. क्लीनरला पेडल दाबून धरायला सांगतात आणि रेघ किती पुढं सरकली ते मोजतात. त्या वेळी मागच्या उजव्या एका चाकाचा स्ट्रोक, म्हणजे दांडा सरकण्याची ही लांबी, वाढलेला दिसला. मागची बाकी तीन चाकं ठीक होती. एका चाकाचं काम म्हणून गाडी गॅरेजला लावली.

मेस्त्रीनं पाना लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मामा, चारी सलाक गेल्यात की. एक बदलून काय होतंय? गाडी एका अंगाला ओढणार." यातलं अर्धं खरं आहे, आणि तिथंच माणूस सापडतो. एका ॲक्सलचे दोन्ही स्लॅक जोडीनं बदलावेत हे बरोबर आहे. पण त्यावरून दुसऱ्या ॲक्सलचे चांगले चालणारे दोन काढायचं काही कारण नव्हतं. मामांनी तसं म्हटल्यावर लगेच पुढचं वाक्य आलं, "घाटात जाती गाडी तुमची. मी काय सांगायचं ते सांगितलं." घाटाचं नाव काढल्यावर कुठला गाडीमालक नको म्हणेल? आम्ही चारही बदलायला सांगितले, मागच्या चाकांचे लायनरही (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं अस्तर) टाकायला सांगितले.

खोकी आमच्यासमोर फोडली. आतला माल चकचकीत होता. फिटिंग मात्र आम्ही जेवायला गेलो तेव्हा उरकलं. परत आलो तर चाकं चढवलेली, जुने स्लॅक "भंगारवाला आत्ताच घेऊन गेला." पावती कच्ची दिली. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वर लागेल बघा, तुमचाच तोटा." लायनरसकट तीस हजारांच्या वर रक्कम गेली.

मग त्यानं ब्रेक दाखवला. आता हा दाखवण्याचा प्रकार नीट समजून घ्या, कारण सगळी मेख यातच आहे. गाडी बराच वेळ उभी होती, टाकीतली हवा उतरली होती. मीटरचा काटा चार किलोच्याही खाली होता. तेवढ्यावर पेडल दाबलं की दांडा कमीच बाहेर येतो, कारण जोरच कमी असतो. शिवाय त्यानं चारही स्लॅक पान्यानं हातानं ताणून ठेवले होते. म्हणून मोजलं तर स्ट्रोक एकदम छान दिसला आणि गेटच्या बाहेर पडताना ब्रेक कडक लागला. कुणालाही वाटेल काम झकास झालं.

ऑटो स्लॅकचं काम असं असतं की लायनर जसजसा झिजतो तसतसा तो आतल्या आत फिरून फट भरून काढतो. त्याचा आतला क्लच मेला तर तो फक्त साधा लोखंडी हात उरतो. पान्यानं ताणलेला असेपर्यंत ब्रेक लागतो, पुढं लायनर झिजेल तसा दांडा लांब लांब जातो. नवा लायनर तर पहिल्या काही आठवड्यांत ड्रमला बसता बसता जरा जास्तच खातो. म्हणजे आमच्या गाडीत दोन गोष्टी एकत्र आल्या: नवे लायनर आणि मेलेले स्लॅक.

गाडी कास्टिंग भरून निघाली ती संकेश्वर ओलांडून तवंदी घाटाला लागली. सपाटीला मामांना काही जाणवलं नव्हतं, आणि ते जाणवतही नाही. तेलाच्या ब्रेकमध्ये काही बिघडलं तर पेडल खाली जातं, पायाला कळतं. हवेच्या ब्रेकचं पेडल तसं सांगत नाही. स्ट्रोक कितीही वाढला तरी पायाखाली तेच. हलका ब्रेक मारेपर्यंत काम निभावतं. घाटात ड्रम तापतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती तापवून फुगवतात, तसाच ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. दांड्याला आणखी पुढं यावं लागतं. तो बूस्टरमध्ये शेवटाला जाऊन टेकला की पुढं हवा कितीही भरा, त्या चाकाला जोर मिळत नाही. मग उरलेली चाकं सगळं वजन ओढतात, तापतात, आणि एकेक करून तीही हात टेकतात.

मामांना आधी जळक्या लायनरचा वास आला, मग गाडी धरत नाही हे कळलं. त्यांनी गिअर आधीच खाली टाकला होता, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी धरणारा) चालू होता. पेडल वारंवार मारलं तर टाकीतली हवा संपते, म्हणून त्यांनी तेही टाळलं. गाडी स्तवनिधीच्या बाजूला खाली उतरवून कडेला लावली. पुढं कार होत्या, दुचाकीवर बायकापोरं होती. मामांच्या जागी गिअर न टाकता फक्त पेडलवर उतरणारा पोरगा असता तर काय झालं असतं, हे लिहवत नाही.

निपाणीच्या एका मेस्त्रीनं गाडी तपासली. त्यानं आधी इंजिन चालू ठेवून हवा पूर्ण भरली, चाकांना लाकडं लावली, हँडब्रेक सोडला, मग इंजिन बंद करून पेडल दाबून धरायला लावलं. मागच्या उजव्या चाकाचा दांडा सव्वादोन इंचांच्या पुढं गेला होता. बूस्टर तीस नंबरचा, म्हणजे त्या मापाचा. अमेरिकेत ट्रक तपासतात तेव्हा साध्या तीस नंबरच्या बूस्टरला २ इंच, म्हणजे ५१ मिलिमीटरची हद्द धरतात, चोवीस नंबरला पावणेदोन इंच. तीस नंबरचा दांडा मुळात अडीच इंचांतच संपतो. म्हणजे आमच्या हातात पाव इंचही उरलं नव्हतं.

मग त्यानं स्लॅकवर स्क्रू-ड्रायव्हर ओढला. काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला, खाली गंज. स्लॅक ताणायच्या षटकोनी डोक्याच्या कडा पाना लागून लागून गोल झालेल्या. नव्या स्लॅकच्या कडा धारदार असतात. ग्रीसच्या निपलवरही रंग चढलेला. शेवटी त्यानं ते डोकं पान्यानं उलट फिरवलं. चांगल्या स्लॅकला उलट फिरवताना जोर लागतो आणि क्लचचा कर्र कर्र आवाज येतो. आमचा मुकाट फिरला. चारही तसेच.

मनाला जास्त लागलं ते यापुढचं. मूळ बिघाड त्या एका चाकाच्या एस-कॅमच्या (स्लॅकनं फिरून लायनर ड्रमवर दाबणारा दांडा) बुशमध्ये होता. बुश खाऊन कॅम हलत होता, म्हणून दांड्याची चाल वाया जात होती. बुशला कुणी हातही लावला नव्हता. बाकीच्या तीन चाकांचे आमचे चांगले स्लॅक काढून घेतले, मेलेले बसवले, आणि खरा दोष जसाच्या तसा ठेवून गाडी घाटात पाठवली. पैसे गेले तर कमावता येतात. रस्त्यावरच्या माणसांच्या जिवावर उठलेला हा धंदा आहे, आणि म्हणूनच हे लिहितोय.

ऑटो स्लॅक पान्यानं ताणून दोष झाकण्याचा परिणाम काय होतो ते पुतण्यानं मला शोधून दाखवलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ग्लेन रॉक गावात एप्रिल २००३ मध्ये एक डंपर उतारावर थांबला नाही आणि चार कारवर गेला. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत हेच निघालं: स्ट्रोक वाढण्याचं मूळ कारण न शोधता ऑटो स्लॅक हातानं ताणले जात होते. ऑटो स्लॅक वारंवार ढिला पडत असेल तर तो स्वतः तरी गेलेला असतो, नाहीतर बुश, पिन, कॅम यांपैकी काहीतरी खाल्लेलं असतं. "टाइट करून देतो, जावा" म्हणणारा मेस्त्री तुमचं काम करत नाही.

स्लॅक बसवून घेताना समोर उभं राहा, जेवण नंतर करा. खोक्यातून निघालेल्या प्रत्येक नगाचा, त्यावर ओतलेल्या नंबरासह, मोबाईलवर फोटो घ्या आणि गाडीवर चढल्यावर तोच नंबर आहे का बघा. जुने नग पोत्यात घालून घरी न्या. काम झाल्यावर फट मुद्दाम थोडी वाढवायला सांगा आणि पूर्ण हवेवर पेडल पुन्हा पुन्हा दाबून षटकोनी डोकं आपोआप थोडं थोडं फिरतंय का पाहा. फिरत नसेल तर पैसे देऊ नका. काही बनावटींत उलट फिरवायच्या आधी पॉल (दातांत अडकणारी खुंटी) बाहेर ओढून धरावा लागतो, नाहीतर दात तुटतात, एवढं ध्यानात ठेवा. आणि तपासायच्या नादात मागच्या बूस्टरचा स्प्रिंगच्या बाजूचा क्लॅम्प कुणीही उघडू नका. आत दाबून बसवलेली स्प्रिंग सुटली तर समोरचा माणूस जागेवर जातो.

गॅरेजवाल्याकडे गेलो तेव्हा "आमचा माल नव्हे, वाटेत कुणी बदलला असेल" हे उत्तर मिळालं. आम्ही निपाणीच्या मेस्त्रीकडून लेखी घेतलं, रंग खरवडल्याचे फोटो आणि व्हिडिओ ठेवले, काढलेले चारही नग जपून ठेवलेत. पैसे यूपीआयवरून दिले होते, त्यामुळं पावती कच्ची असली तरी रक्कम आणि तारीख नाकारता येत नाही. रोख दिलं असतं तर हेही हातात नव्हतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून निव्वळ व्यापारी वापर वगळलेला आहे, पण स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात बसते. एकदोन गाड्यांवर घर चालवणाऱ्यांनी "तुम्ही धंदेवाले, तुम्हाला ग्राहक न्यायालय नाही" या बोलण्याला भुलू नये. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही, तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते, आणि आधी विचारायचं असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

ऊस चालू व्हायच्या आधी बऱ्याच जणांनी मागच्या चाकांचं काम करून घेतलं असेल. पक्कं बिल आणि जुने नग मिळाले नसतील तर गाडी भरायच्या आधी प्रत्येक चाकाचा स्ट्रोक पूर्ण हवेवर मोजा, स्लॅकच्या अंगावरचा रंग एका कोपऱ्यात खरवडून बघा, आणि खाली गंज निघाला तर स्लॅक काढायच्या आधी तिथल्या तिथं फोटो घ्या.